पाचपैकी पाच

"नाना, भावना बाजूला ठेवा आणि मला डेटा दाखवा," असं भूपेंद्र पुण्याहून फोनवर म्हणाला. आता पोटच्या पोराने बापाला असं म्हणावं का, हा वेगळा प्रश्न. भूपेंद्र एका बऱ्यापैकी कंपनीत मार्केटिंगला होता. तिथे सगळे एकमेकांशी असंच बोलत असतील, अशी धुळ्याच्या देवपुरातल्या गिरधर नाना देवरेंनी मनाची समजूत घातली. शिवाय पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कुणी कागद मागितल्याचा राग येत नाही. उलट इतक्या महिन्यांत कुणीतरी आपल्याकडे काहीतरी मागतंय, याचं त्यांना बरंच वाटलं.

प्रकरण साधं होतं. नानांच्या पत्नी सुगंधाबाई गेल्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी वारल्या. बावीस वर्षं त्या दर उन्हाळ्यात काळा मसाला करायच्या, आणि देवपुरातली बासष्ट घरं तो वर्षभर खायची. त्या गेल्यावर भूपेंद्र म्हणाला, घर विकू, पुण्याला चला, एकटे राहून करणार काय. नाना म्हणाले, मसाला करणार. भूपेंद्र म्हणाला, आईचा मसाला आई होती म्हणून खपायचा. नाना म्हणाले, मसाल्याला बाजार आहे. त्यावर ते डेटाचं वाक्य आलं. मग बापलेकांत असं ठरलं की आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत बासष्ट घरांत मसाला पोचवायचा, मग लोकांचं मत लेखी घ्यायचं, आणि त्यातली पन्नास घरं जरी समाधानी निघाली तरी नाना धुळ्यात राहतील. नाहीतर जूनच्या पहिल्या रविवारी दारात टेम्पो.

शेजारचा प्रशील बैसाणे एका पतसंस्थेत कामाला होता. त्याने आपला जुना लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला आणि एक्सेल उघडून दिलं. "तुम्हाला अवघड नाही नाना. तुम्ही जन्मभर रकानेच ओढलेत." हे मात्र खरं होतं. नानांच्या हातची रजिस्टरं बघायला तालुक्याहून माणसं येत, असं नाना सांगत. पडद्यावर रेघा आयत्या मारलेल्या पाहून त्यांना थोडं वाईटच वाटलं. ज्या कामापायी पट्टी धरून पाठ मोडली, ते कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं, आणि तेही इतकं सरळ.

गल्लीला बातमी लागायला वेळ लागत नाही. समोरच्या नूतन वहिनी म्हणाल्या, एक्सेलबिक्सेल राहू द्या, इन्स्टाग्रामवर मसाल्याचं रील टाका. नानांनी कसलं रील ते विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं. कौतिक आबा काठी टेकत आले, पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "यामा चुना-तमाखूनं खातं निंघी का?" प्रशील रोज संध्याकाळी येऊन एकच म्हणायचा, नाना, पिव्होट लावा. पिव्होट म्हणजे काय हे त्यालाही धड सांगता येत नव्हतं, पण ते लावल्याशिवाय पुण्यात कुणी ऐकून घेत नाही एवढं त्याला ठाऊक होतं.

खरा डेटा होता तो सुगंधाबाईंच्या वहीत. मूळ मसाला सगळ्यांना एकच, पण घरोघरची आवड निराळी, आणि ती बाईंनी शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहून ठेवलेली. एकूण त्रेसष्ट नोंदी: बासष्ट घरं बाहेरची आणि एक स्वतःचं. नावं म्हणाल तर आपली त्यांना कळतील अशी. 'टाकीजवळची मोठी', 'मास्तरीण', 'बोदवडवाली'. पुढे शेरा. कुणाला जाडं कांडलेलं, कुणाला तीळ चालत नाहीत, एका घरात सासू-सुनेला दोन वेगळ्या पुड्या आणि एकीची दुसरीला कळू द्यायची नाही. नानांनी चष्मा लावून नावांचा रकाना दोन दिवसांत स्वतः टाइप केला. शेऱ्यांचं अक्षर बारीक, म्हणून ते काम प्रशीलच्या बायकोने, प्रज्ञाने, घेतलं. तिने एका दुपारी वही समोर ठेवून सगळं उतरवलं. अगदी सुरुवातीलाच ती क्षणभर थांबली, नानांकडे पाहिलं, आणि पुढे टाइप करू लागली.

आता नावं अकारविल्हे हवीत की नकोत? हवीतच. अकारविल्हे नसलेली यादी नानांच्या हातून आजवर कुणाच्या टेबलावर गेली नव्हती. त्यांनी नावांचा रकाना निवडला आणि सॉर्टचं बटण दाबलं. तेव्हा पडद्यावर एक चौकट उगवली आणि तिने विचारलं की शेजारच्या रकान्यालाही सोबत घ्यायचं का. नाना गालात हसले. जेवढं सांगितलं तेवढंच करावं, शेजारच्या रकान्यात नाक खुपसू नये, हा सरकारी नोकरीतला पहिला धडा. तो न पाळल्यामुळे लोकांच्या चौकशा लागलेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी नको म्हणून सांगितलं. नावं झटक्यात शहाण्यासारखी ओळीने उभी राहिली, आणि शेरे होते तिथेच राहिले.

मध्येच नोंदणीचं झेंगट निघालं. मार्केटिंग म्हटलं की नोंदणी हवी, असं प्रशील म्हणाला, म्हणून नाना ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या खिडकीवर गेले. अर्ज भरला की ओटीपी येतो. नानांचा ओटीपी सुगंधाबाईंच्या फोनवर यायचा, कारण आधार काढलं तेव्हा घरात फोन एकच होता आणि तो बाईंचा होता. तो फोन कपाटात होता. नाना घरी जाऊन आकडा पाहून परत येईपर्यंत ओटीपी शिळा व्हायचा. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ते फोन खिशात घालून आले, आणि खिडकीतल्या माणसासमोर तो खणखणला. "हा नंबर कुणाचा?" माणसाने विचारलं. "घरचा," नाना म्हणाले. सहा महिने ते तो फोन चार्ज करत होते आणि दर महिन्याला रिचार्जही मारत होते. हे त्यांनी भूपेंद्रला सांगितलं नव्हतं, आणि इथे सांगायचंही काही कारण नव्हतं.

मग धंद्याचं नाव. 'सुगंधा मसाले' पाहून खिडकीतला माणूस म्हणाला, हे व्यक्तीचं नाव दिसतंय, त्या व्यक्तीचं संमतिपत्र जोडा. नाना म्हणाले, ती व्यक्ती वारली. मग वारसांचं जोडा. वारस दोन: भूपेंद्र आणि खुद्द नाना. तेव्हा नानांनी त्या खिडकीशी उभं राहून एक पत्र लिहिलं, की श्री. गिरधर देवरे यांनी माझ्या दिवंगत पत्नीचे नाव वापरण्यास माझी काही हरकत नाही, कळावे, आपला, गिरधर देवरे. पत्र लिहून दिलं आणि पोच म्हणून खाली पुन्हा सही केली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांकडून असले कागद घेतले होते. आपलाच आपल्याला लिहिताना मात्र त्यांचा हात 'दिवंगत' या शब्दापाशी अडला, आणि मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, काका, चला ना लवकर.

मसाला चैत्राच्या शेवटी झाला. गल्लीतल्या बाया मिरच्यांची देठं मोडायला आल्या, गिरणीतून कांडप करून आणलं, आणि मग नाना छापलेली शीट समोर ठेवून एकेका घराची पुडी बांधायला बसले. पहिलंच नाव 'अण्णा तालमीवाले'. पुढे शेरा: 'फिका. रंगापुरती काश्मिरी मिरची. पोट जळतं. कळू देऊ नये.' नाना थक्क झाले. अण्णा म्हणजे देवपुरातला नावाजलेला गडी. एवढाल्या मिशा, लग्नाच्या पंगतीत शेवभाजीचा रस्सा वाटीने पिणारा, आणि पोटाची ही तऱ्हा. सुगंधाबाईंनी एवढं गुपित पोटात ठेवलं, म्हणजे आपणही ठेवलं पाहिजे. नानांनी पुडी बांधली आणि नेऊन देताना अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तब्येतीला जपा." अण्णाला काही कळलं नाही.

यादीत सगळ्यात शेवटी होतं, 'हे'. सुगंधाबाईंनी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच नवऱ्याचं नाव. पुढे वहीतही 'हे'च. 'हे'समोर लिहिलं होतं: 'लवंगी मिरची दुप्पट. डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे.' नानांची छाती फुगली. आपल्याला फिकं चालत नाही, हे बायको बरोबर ओळखून होती. त्यांनी स्वतःची पुडीही शिरस्त्याप्रमाणे शीटवर बघूनच बांधली.

आठ दिवसांनी नाना कागद घेऊन घरोघर फिरले. मसाल्याला पाचपैकी किती गुण, आणि पुढच्या वर्षी घ्याल का, असे दोनच प्रश्न. अण्णाने मिशीवरून हात फिरवला, थोडा वेळ आढ्याकडे पाहिलं आणि पाच लिहिले. कौतिक आबा उभ्याउभ्याच म्हणाले, "मस्त शे. पाच लिखी ले." बोदवडवालीने पाच दिले. त्या सासू-सुनेच्या घरात दोघी एकमेकींकडे तोंड फिरवून बसल्या होत्या, पण गुण दोघींनी पाचच दिले. बासष्ट घरं, बासष्ट पाच. पुढच्या वर्षी घ्याल का, तर हो, हो, हो. नानांनी सगळं शीटमध्ये भरलं. सरासरी पाच आली. प्रशीलने पाय चार्ट काढून दिला, तर तो एकाच रंगाचा गोळा निघाला, पुरणपोळीसारखा. पिव्होटची गरजच उरली नाही, याचं प्रशीलला जरा वाईट वाटलं.

भूपेंद्रने शीट पाहिली आणि संध्याकाळी फोन केला. "नाना, असा डेटा जगात नसतो. कुठल्याच वस्तूला सगळे पाच देत नाहीत. काहीतरी चुकलंय, तपासा."

"चौतीस वर्षांत माझ्या रजिस्टरला कुणी तपासा म्हणालं नाही," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मुलगा जळतो आहे, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. बापावर जळण्यासारखं मुलाने काय पाहिलं असेल, याचा त्यांनी विचार केला नाही.

दरम्यान नानांच्या पोटात आग पडली होती. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, ऊन बाधलं. चौथ्या दिवशी वाटलं, दुःख. अकराव्या दिवशी उचकी थांबेना तेव्हा ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, तिखट बंद. नाना म्हणाले, बावीस वर्षं हाच मसाला खातोय. डॉक्टर म्हणाले, शक्य नाही. आता बायकोच्या हाताला कुणी शक्य नाही म्हणावं हे नानांना सहन होईना. घरी येऊन त्यांनी वही काढली आणि पहिलं पान उघडलं. पहिलीच ओळ होती:

'१. हे. फिका. रंगापुरती काश्मिरी मिरची. पोट जळतं. कळू देऊ नये.'

नाना ओट्यावर बसले. बावीस वर्षं ते चारचौघांत सांगत आले होते की खान्देशी माणसाला मिरची लागते, आम्हाला पाणी पिऊन गिळावं लागत नाही. पाहुणा हाशहूश करू लागला की ते हसायचे. आणि सुगंधाबाई वाढताना एक शब्द बोलायच्या नाहीत. दोन डबे असणार. दुसरा कुठे ठेवत होती, हेदेखील त्यांना माहीत नव्हतं. आपल्या घरात, आपल्या ताटात, इतकी वर्षं कुणीतरी आपल्याला इतकं सांभाळून घेत होतं, आणि आपण ते आपलं कर्तृत्व समजलो, याची त्यांना लाज वाटली. तिला एकदा हाक मारून विचारावं असं वाटलं. सात महिन्यांत असं वाटलं नव्हतं, कारण सात महिने ते सतत कामात होते.

मग त्यांनी छापलेली शीट वहीशेजारी धरली, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. एकही ओळ जुळेना. नावं हलली होती, शेरे हलले नव्हते. मूळव्याधीच्या कौतिक आबांना कॉलेजच्या पोरांचा झणझणीत मसाला गेला होता. नानांचा फिका अण्णाला, बोदवडवालीचा नानांना. तीळ न चालणाऱ्यांना तीळ, आणि सासू-सुनेच्या दोन पुड्या भलत्याच घरी. बासष्ट घरांत मसाला चुकीचा गेला होता, आणि बासष्ट घरांनी पाच गुण दिले होते.

हे दुसरं पहिल्यापेक्षा जास्त लागलं. म्हणजे लोक चव घेतच नव्हते. दारात नाना आले, बिचारे, बायको गेलीय, हातात कागद आहे, द्या पाच. चौतीस वर्षं सरकारात ताठ मानेने बसलेल्या माणसाची गल्लीने कीव केली होती, आणि त्याने तिचा पाय चार्ट काढून पुण्याला पाठवला होता.

दुसऱ्या दिवसापासून नाना पुड्या बदलायला निघाले. चूक कबूल करायची, बरोबर पुडी द्यायची आणि खरे गुण मागायचे. अण्णा म्हणाला, "नाना, तसा चांगला होता. जरा शांत होता, एवढंच." आणि पुन्हा पाच. कौतिक आबांना नानांनी हात जोडले. "आबा, अकरा दिवस तुम्हाला बसता आलेलं नाही. खरं सांगा."

"बसनं काय शे," आबा म्हणाले, "उभा ऱ्हासू. पाच."

घरं संपत आली आणि पाच काही हटेनात. शेवटी गल्लीच्या टोकाचं पार्वताबाईंचं घर राहिलं. ऐंशी पार केलेल्या पार्वताअक्का दारातच बाजेवर बसल्या होत्या. मागच्या खेपेला कागद त्यांच्या सुनेने भरून दिला होता. आज सून बाजारात गेली होती.

"तो कागद मनी सूननी भरा," अक्का म्हणाल्या. "माले कोनी इचारं नही."

नाना एरवी गावात ऑफिसची मराठी बोलायचे. पण अक्कांसमोर त्यांची जीभ आपोआप घरच्या बोलीवर आली. "मंग मी आते इचारस, अक्का. पाचमाथीन किती?"

"दोन."

अक्कांनी पदर सारखा केला आणि शांतपणे हिशेब सांगितला. "एक मिरचीले, एक तुना मेहनतले. खोबरं तू गोरं ठेवं. ते काळं व्हस तवलोंग भाजनं पडस. आनी बाकीना तीन तिना हातना व्हतात. ते तिनासंगे गयात."

"बाकीना लोक पाच देतस, अक्का."

"तुनं तोंड दखीसन देतस. तुना मव्हरे कोन खरं बोली?" अक्कांनी बाजेवर सरकून जागा केली. त्यांचा आवाज मऊ झाला. "सुगंधा गयी, गिरधर."

हे सात महिन्यांत नानांना कुणी म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, वहिनींचा हातच वेगळा, वहिनींचं नाव राखलंत, मसाला अगदी वहिनींसारखा. भूपेंद्र म्हणायचा, डेटा. नाना बाजेच्या कडेला बसले आणि रडले. मोठ्याने रडले, नाक ओढत, कागद मांडीवर ठेवून. अक्कांनी त्यांना उगी केलं नाही. तांब्याभर पाणी आणून शेजारी ठेवलं आणि त्या पुन्हा आपल्या जागी जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पुढला सालले खोबरं मी भाजसू. तू फक्त दख."

घरी येऊन नानांनी शीटमध्ये पार्वताबाईंच्या ओळीत पाच खोडून दोन घातले. त्या पुरणपोळीतून एक बारीकशी फाक वेगळ्या रंगाची झाली. शीट त्यांनी भूपेंद्रला पाठवली, आणि खाली सगळं लिहिलं. सॉर्टचं, अण्णाचं, स्वतःच्या ओळीचं, पार्वताअक्कांचंही. लपवलं काही नाही.

दुपारी फोन आला. "नाना, यात एकच आकडा खरा दिसतोय."

"हो. तेवढा एकच आहे."

"एका आकड्यावर काही ठरवता येत नाही."

"तेच म्हणतो मी," नाना म्हणाले. "आणखी गोळा करावा लागेल. पुढच्या आखाजीपर्यंत तरी. यंदाचा मसाला तर वायाच गेला म्हणायचा. मी वर्षभर नीट शिकतो, मग पुन्हा विचारतो सगळ्यांना. मध्येच घर विकून कसं चालेल?"

भूपेंद्र हसला नाही की चिडलाही नाही. टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळवतो, एवढं म्हणाला. मग फोन ठेवेल असं वाटलं, पण त्याने ठेवला नाही.

"नाना," तो म्हणाला, "आईने गेल्या वर्षी दिलेली बरणी अजून आहे माझ्याकडे. अर्धी भरलेली. आम्ही बाजारातला आणून वापरतो. ती मी संपू देत नाही."

"मग तिला किती देशील?" नानांनी विचारलं. "पाचपैकी."

पलीकडून आकडा आला नाही. भूपेंद्र रडत होता. नानांनी त्याला उगी केलं नाही; फोन कानाला धरून ते तसेच बसून राहिले.